आधी निदान पुरे करा, मग गहू सोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरमधील एका एकत्र कुटुंबातील आईने लिहिले आहे की, त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीची उंची दोन वर्षांपासून जवळजवळ वाढलेली नाही, लोहाचे औषध नियमित देऊनही हिमोग्लोबिन आठच्या पुढे सरकत नाही आणि पोट सतत फुगलेले असते. मात्र जुलाब तिला कधीच नव्हते. रक्ततपासणीत टीटीजी-आयजीए हा घटक, म्हणजे सिलियाक या आजारात वाढणारे प्रतिपिंड, कमाल मर्यादेच्या चौपट आला आहे. एका नातेवाइकांचा सल्ला असा की, आजपासूनच गहू बंद करून पाहा, दुर्बिणीची तपासणी कशाला हवी. सासूबाईंचे म्हणणे असे की, पिढ्यान् पिढ्या माळव्याचा गहू खाल्ला, कोणाला काही झाले नाही, फार तर खपली गहू द्यावा. अशा वेळी काय करावे, आणि आजार सिलियाकच, म्हणजे गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होण्याचा आजार, ठरला तर घरात, शाळेत व सणावारी कसे सांभाळावे, असे त्यांनी विचारले आहे.

सर्वांत आधी एक विनंती करतो. तपासणी पुरी होईपर्यंत मुलीची पोळी बंद करू नका. नातेवाइकांचा हेतू चांगलाच आहे, पण या आजारात घरोघरी होणारे सर्वांत मोठे नुकसान याच सल्ल्यामुळे होते. सिलियाकच्या निदानाच्या मुख्य तपासण्या गव्हाने शरीरात काय केले आहे ते मोजतात. गहू थांबला की रक्तातील प्रतिपिंडे उतरू लागतात, आतड्याचे अस्तर भरून येऊ लागते, आणि काही महिन्यांनी केलेली तपासणी आजार असूनही स्वच्छ येऊ शकते. मग हाती उरते ते एवढेच, की ‘गहू सोडल्यावर बरे वाटले होते’. तेवढ्या आधारावर आयुष्यभराचे कडक पथ्य कोणी पाळत नाही. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाली, मैत्रिणींबरोबर बाहेर जाऊ लागली, की ती स्वतःच विचारते, मला हा आजार आहे हे कोणी सिद्ध केले? त्या वेळी दाखवायला कागद नसतो. अशी मुले-मुली माझ्याकडे नेहमी येतात, आणि निदानासाठी त्यांना पुन्हा किमान सहा आठवडे रोज गहू खायला लावणे ही आम्हा सर्वांचीच परीक्षा असते. त्या काळात पोट दुखते, आणि आईवडिलांना ते बघवत नाही.

आता दुर्बिणीच्या तपासणीबद्दल. लहान मुलांमध्ये काही वेळा ती टाळता येते, हे खरे आहे. युरोपातील बालपोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार टीटीजी-आयजीए कमाल मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून अधिक असेल, आणि वेगळ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए ही दुसरी चाचणीही सकारात्मक आली, तर अस्तराचा तुकडा न घेताही निदान करता येते. तुमच्या मुलीचा आकडा चौपट आहे. तो नक्कीच वाढलेला आहे, पण त्या निकषात बसत नाही, म्हणून तिच्याबाबतीत तुकडा घेणे आवश्यक आहे. आपल्या देशात हे अधिक जपून करावे लागते, कारण आतड्याचे अस्तर सपाट होण्याची इतरही कारणे इथे आढळतात. जिआर्डियासारखे जंतू आणि ट्रॉपिकल स्प्रू हा उष्ण प्रदेशांतला आतड्याचा आजार ही त्यांतली मुख्य.

तपासणी ऐकायला वाटते तेवढी कठीण नाही. मुलीला काही तास उपाशी ठेवतात, भूल किंवा गुंगीचे औषध देतात, आणि बोटाहून बारीक नळी तोंडावाटे लहान आतड्याच्या पहिल्या भागापर्यंत नेतात. तिथून काही मिलिमीटरचे किमान चार तुकडे, आणि जठराला लागून असलेल्या सुरुवातीच्या फुगीर भागातून आणखी एक-दोन तुकडे घेतात. अस्तराला चिमटा घेतलेला जाणवत नाही. हे सगळे पंधरा-वीस मिनिटांचे काम असते आणि मूल बहुधा त्याच दिवशी घरी जाते. तुम्ही डॉक्टरांना दोन गोष्टी आवर्जून विचारा: तुकडे दोन्ही ठिकाणांहून घेणार ना, आणि रक्तातील एकूण आयजीए (टीटीजी-आयजीए ज्या जातीचे प्रतिपिंड आहे ती जात) मोजले आहे ना. आजार ठिगळांसारखा पसरलेला असू शकतो, त्यामुळे एकाच जागेचा तुकडा फसवतो. आणि काही रुग्णांत मुळात आयजीएच फार कमी तयार होते. अशांची टीटीजी-आयजीए चाचणी खोटी नकारात्मक येते आणि त्यांना आयजीजी जातीची चाचणी लागते. तुमच्या मुलीचा आकडा वाढलेला असल्याने ही शंका तिच्याबाबतीत नाही, पण पुढे घरातील इतरांची तपासणी कराल तेव्हा हा मुद्दा लागेल.

जनुकीय चाचणीचाही सल्ला तुम्हाला मिळेल. एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुके नसतील तर सिलियाक जवळजवळ नाहीच, एवढेच ती चाचणी सांगते. असतील तर त्यातून काही सिद्ध होत नाही, कारण लोकसंख्येतील साधारण एक तृतीयांश माणसांत ती असतात आणि त्यांतील फार थोड्यांना आजार होतो. गहू आधीच सोडलेल्या माणसाचा पेच सोडवायला ही चाचणी उपयोगी पडते. तुम्हाला सध्या तिची गरज नाही. शंभर पदार्थांची ‘अ‍ॅलर्जी’ एका रक्ताच्या नमुन्यात सांगणारी जी पाकिटे विकली जातात, त्यांवर मात्र एक रुपयाही खर्च करू नका.

जुलाब नाहीत म्हणून हा आजार नसेल, असे तुम्हाला वाटले ते स्वाभाविक आहे, पण ते बरोबर नाही. लहान आतड्याच्या आतील अस्तरावर टर्किश टॉवेलवरच्या धाग्यांसारखे बारीक अंकुर असतात, आणि अन्नरस त्यांच्यावाटे रक्तात जातो. ज्यांच्यात प्रवृत्ती आहे अशा माणसाने गहू, जव किंवा राय हे गव्हासारखे परदेशी धान्य खाल्ले की त्यांतील ग्लुटेनविरुद्ध शरीराची संरक्षण यंत्रणा उठते आणि स्वतःच्याच अस्तरावर तुटून पडते. अंकुर आखूड होत होत सपाट होतात. ही झीज सर्वांत जास्त होते ती लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि लोह शोषले जाते तेही मुख्यतः तिथेच. औषधाच्या बाटल्यांमागून बाटल्या रिकाम्या होऊनही हिमोग्लोबिन का चढत नाही, याचे उत्तर इथे आहे. कॅल्शियमचेही तसेच. पुढचे आतडे बऱ्यापैकी शाबूत असल्यामुळे जुलाब होतीलच असे नाही. किती तरी रुग्णांत फक्त रक्तक्षय, खुंटलेली उंची, लांबलेली पाळी, ठिसूळ हाडे, वारंवार येणारे तोंडातले छाले किंवा यकृताच्या तपासणीतील किंचित वाढलेले आकडे एवढेच दिसते.

सासूबाईंचे म्हणणे मी मनापासून घेतो, कारण घरातील ज्येष्ठांना पटले नाही तर कोणतेही पथ्य टिकत नाही. गव्हाचा आणि या आजाराचा संबंध कोणी अलीकडे काढलेला नाही. नेदरलँड्समधील विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांना तो दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून जाणवू लागला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे ब्रेड मिळेनासा झाला तेव्हा ही मुले सुधारली, आणि ब्रेड परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० मध्ये आपल्या प्रबंधात हा संबंध मांडला. उत्तर भारतातील पाहण्यांत हा आजार साधारण शंभरात एकाला आढळला आहे. भात हेच मुख्य अन्न असलेल्या दक्षिणेत तो खूपच कमी आढळला. पूर्वीही तो होताच. प्रत्येक मोठ्या घरात एखादे ‘खाल्लेले अंगी लागत नाही’ असे मूल असायचे, एखादी सून कायम पांढरीफटक असायची. त्याला कोणी नाव दिले नव्हते, एवढेच.

खपली गहू मात्र कदापि देऊ नका. तो जुना आहे, पचायला हलका वाटतो, मधुमेहींना सुचवला जातो, हे सगळे असले तरी तो गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. शरबती, बाफल्यांसाठी वापरतात तो माळव्याचा कठीण गहू, दलिया, रवा, मैदा, शेवया, कुरडया, सगळ्यांना एकच नियम. आंबवल्याने, भाजल्याने किंवा तळल्याने ग्लुटेन निरुपद्रवी होत नाही.

निदान पक्के झाले की पथ्य त्याच दिवसापासून, पूर्ण आणि कायमचे. ‘थोडेसे चालते’ हे वाक्य तुम्हाला आता वर्षानुवर्षे ऐकावे लागेल, म्हणून हिशोब सांगून ठेवतो. रोज पन्नास मिलिग्रॅम ग्लुटेन सलग तीन महिने पोटात गेले तर अस्तराला इजा होते, हे अभ्यासातून दिसले आहे. दिवसाला दहा मिलिग्रॅमपर्यंत बहुतेकांना सोसते. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण अडीच ग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे इजा करणारे प्रमाण हा पोळीचा सुमारे पन्नासावा भाग झाला. प्रसादाच्या चमचाभर शिऱ्यात पाच ग्रॅम रवा धरला तरी त्यातून चारशे मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुटेन जाते. मूल लगेच आजारी पडले नाही म्हणून काही झाले नाही असे समजू नये. ही झीज पुष्कळदा गुपचूप चालते.

यामुळेच स्वयंपाकघराकडे बारकाईने पाहावे लागते, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. एकत्र कुटुंबात सर्वांचा गहू बंद करणे बहुधा जमत नाही, आणि तशी गरजही नसते. स्टीलची भांडी, काचेच्या बरण्या, कुकर नीट घासून धुतले की चालतात. चालत नाही ती सच्छिद्र किंवा फटी असलेली वस्तू: लाकडी पोळपाट-लाटणे, लाकडी उलथने, पिठाची चाळणी, वर्षानुवर्षांचा लोखंडी तवा. या चार वस्तू मुलीसाठी नव्या घ्या, त्यांच्यावर खूण करा आणि वेगळ्या फळीवर ठेवा. तिची भाकरी आधी भाजा, घरच्या पोळ्या नंतर. कारण पोळ्या लाटताना उडालेली पिठी ओट्यावर आणि उघड्या भांड्यांवर बसते. तुपाच्या, लोण्याच्या, लोणच्याच्या बरणीत पोळीचे कण लागलेला चमचा जातो, म्हणून तिची छोटी बरणी निराळी असू द्या. पुऱ्या किंवा शंकरपाळी तळलेल्या तेलात तिचे पापड तळू नका.

पिठाचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, नाचणी ही धान्ये मुळात निर्धोक, पण गल्लीतल्या गिरणीत गव्हापाठोपाठ ज्वारी दळली की पिठात गहू आलाच. ‘आधी थोडे तांदूळ दळून घेतो’ या आश्वासनावर विसंबू नका. घरगुती गिरणी घेऊन त्यात गहू कधीच न दळणे हा माझ्या मते खर्च करण्याजोगा पहिला उपाय आहे. परदेशी बनावटीच्या महागड्या पाकीटबंद पिठांवर वर्षभरात त्याहून जास्त पैसे जातात. दळण्याआधी धान्य ताटात पसरून निवडा, कारण ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतातच. बेसनही घरीच हरभऱ्याची डाळ दळून करा. ग्लुटेन पिठाला चिकटपणा देते. ते नसल्यामुळे ज्वारीचे पीठ गार पाण्यात तुटते, म्हणून उकळते पाणी घालून, थोडा वेळ झाकून, मग तळहाताच्या टाचेने चांगले मळावे लागते. आणि पीठ थोडे-थोडेच दळावे, कारण जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. हे सासूबाईंना मी सांगायची गरज नाही. सोयाबीन येण्याआधी माळव्यातल्या शेतांत ज्वारीचा मोठा पेरा असायचा आणि तिची भाकरी घरोघरी होती. ज्यांच्या हाताला भाकरी थापण्याची सवय आहे त्या आजीच या पथ्याचा सर्वांत मोठा आधार ठरू शकतात, आणि त्यांना तसे विचारूनही पाहा.

आपल्या मराठी घरांतले काही पदार्थ ओळखीचे असल्यामुळेच चकवतात. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात परंपरेने गहू असतो. दोन्ही गहू वगळून घरी उत्तम होतात. बाजारातला बांधणीचा हिंग बहुतेक वेळा मैदा किंवा कणीक घालून केलेला असतो, आणि तो आपल्याकडे वरणापासून लोणच्यापर्यंत सगळ्यांत पडतो; तांदळाचे पीठ किंवा डिंक वापरलेला हिंग पाकिटावर वाचून घ्या. मुलांना दुधातून देण्याच्या पौष्टिक पावडरींत माल्ट असेल तर तो जवापासून येतो. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतात. ओट्स मुळात बहुतेकांना सोसतात, पण गव्हाची भेसळ नसलेले मिळणे कठीण, म्हणून पहिले वर्षभर नकोच. पाकिटावर ‘ग्लुटेन-मुक्त’ असे लिहायचे असेल तर आपल्याकडच्या नियमानुसार किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. ‘गहू-मुक्त’ या शब्दांवर समाधान मानू नका, त्यात जव असू शकते.

इंदुरात राहून बाहेर काहीच खायचे नाही, हे नऊ वर्षांच्या मुलीला सांगणे कठोर होईल, आणि ते पाळलेही जाणार नाही. पोहे तांदळाचे, त्यामुळे पोहे-जलेबीतली जलेबी सोडावी लागते, पण पोहे मुळात निर्धोक. अडचण जिरावण या पोह्यांवरच्या मसाल्यातल्या हिंगाची आणि एकाच झाऱ्याची असते. घरी पोहे करून घरचे जिरावण भुरभुरले की तिला पुरे समाधान मिळते. सराफा बाजारातली साबुदाण्याची खिचडी आणि भुट्ट्याचा कीस हे त्यातल्या त्यात बरे पर्याय, किसात हिंग कोणता पडतो ते विचारून. गराडू कंद आहे, त्यात ग्लुटेन नाही, पण ज्या कढईत कचोरी-समोसे तळले त्याच तेलात ते तळले जात असतील तर नको. विचारण्याची लाज मुलीला वाटू देऊ नका. तुम्ही सहजपणे विचारलेत की तीही शिकेल.

सणांचे तुम्हाला वाटते त्याहून सोपे आहे. उकडीचे मोदक, अनारसे, पोह्यांचा चिवडा, रवा न घातलेले बेसनाचे लाडू, खोबऱ्याच्या वड्या, राजगिऱ्याचे लाडू, भगर म्हणजे इकडची मोरधन, शिंगाड्याचा शिरा, हे सगळे तिचे आहे. सत्यनारायणाच्या प्रसादासाठी घरी पूजा असेल तेव्हा तांदळाच्या रव्याचा शिरा सर्वांसाठीच करा, म्हणजे एका पोरीचे ताट वेगळे दिसणार नाही. दुसऱ्यांकडे तीर्थ आणि केळे घेऊन नमस्कार करावा; त्यात देवाचा काहीही अनादर होत नाही, हे आजीने एकदा सर्वांसमोर म्हटले तर दहा डॉक्टरांच्या सांगण्याएवढे काम होते. लग्नाकार्याला जाताना तिचे जेवण घरून खाऊन किंवा डब्यात घेऊन जावे. शाळेत वर्गशिक्षिकेला लेखी कळवा, आणि वाढदिवसाला केक येतो म्हणून तिच्या आवडीचा सुका खाऊ शिक्षिकेकडे ठेवून द्या. डब्यांची अदलाबदल मुलांत होणारच. रागावण्यापेक्षा तिला नेमके काय खाल्ले ते घरी न घाबरता सांगता यावे, हे जास्त महत्त्वाचे आहे.

पथ्य सुरू झाल्यावर पोटफुगी आणि चिडचिड काही आठवड्यांत कमी होते, भूक वाढते. सुरुवातीला दूध सोसत नसेल तर थोडे दिवस दही-ताकावर भागवा. अस्तर भरले की दूध बहुधा परत सोसते. लोह, फॉलिक आम्ल, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि जस्त यांची कमतरता मोजून ती भरून काढावी लागते, आणि आता तेच लोहाचे औषध काम करू लागलेले दिसेल. सहा महिन्यांनी, मग वर्षाने आणि पुढे दरवर्षी टीटीजी तपासावे. आकडा उतरत गेला पाहिजे. तो पूर्ण सामान्य व्हायला काही मुलांना वर्ष-दोन वर्षेही लागतात. उतरत नसेल तर औषध शोधण्याआधी हिंग, पीठ आणि शाळेचा डबा तपासा, कारण बहुतेक वेळा कारण तिथेच सापडते. उंची आणि वजन दर तीन महिन्यांनी एकाच काट्यावर मोजून तक्त्यावर मांडा. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत उंची झपाट्याने भरून निघते. तशी वाढली नाही तर थायरॉइड आणि वाढीच्या संप्रेरकाची तपासणी करावी लागते. थायरॉइडचे विकार आणि लहानपणचा मधुमेह सिलियाकच्या जोडीने येऊ शकतात, हे डॉक्टरांच्या लक्षात असतेच, तुमच्याही असू द्या.

शेवटी तुमच्याबद्दल. पत्रात ओघात तुम्ही लिहिले आहे की, तुमचेही हिमोग्लोबिन लग्नाआधीपासून कमीच असते आणि बायकांचे असेच असते असे सगळे म्हणतात. मुलीचे निदान पक्के झाले तर आई, वडील आणि धाकटा भाऊ या तिघांचीही टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए तपासणी त्याच महिन्यात करून घ्या, आणि तीही गहू खात असतानाच. रुग्णाच्या सख्ख्या नात्यात हा आजार साधारण सात ते दहा टक्के लोकांत निघतो. भावाची चाचणी आज नकारात्मक आली तरी दोन-तीन वर्षांनी, किंवा त्याची वाढ मंदावल्यासारखी वाटली तर त्याआधीच, ती पुन्हा करावी लागेल.